‘रद्द करा’ दाबलं, पुढे काय?

एखादा ऑनलाइन अर्ज भरताना ‘फाइल निवडा’ या बटणावर क्लिक केलं की एक खिडकी उघडते. डावीकडे डेस्कटॉप, डाउनलोड्स, पेनड्राइव्ह. उजवीकडे फायलींची लांबलचक रांग. तुम्ही जरा शोधाशोध करता. हवा तो फोटो सापडत नाही, किंवा सापडतो पण त्यात नेमके डोळे मिटलेले असतात. मग तुम्ही ‘रद्द करा’ दाबता. खिडकी नाहीशी होते आणि मागचं वेबपान होतं तसं समोर येतं. जगभर दिवसाकाठी असंख्य वेळा घडणारी, कुणी दखलही घेणार नाही अशी ही गोष्ट आहे.

पण या सगळ्यातलं त्या वेबपानाला काय कळलं?

वेबपानं किती चौकस असतात हे आपण ऐकून आहोत. माउस कुठून कुठे सरकला, कुठली कळ किती वेळ दाबून धरली, मजकूर कुठपर्यंत वाचत खाली आलात, मध्येच दुसऱ्या टॅबवर कधी गेलात आणि कधी परतलात, हे सगळं जावास्क्रिप्टला, म्हणजे पानाचा कोड ज्या भाषेत लिहिलेला असतो तिला, क्षणाक्षणाला कळू शकतं. मात्र फाइल निवडायच्या खिडकीत तुम्ही ‘नको’ म्हणालात, एवढी साधी गोष्ट तिला पंचवीस वर्षांहून जास्त काळ कळत नव्हती. वेबवरून फाइल पाठवायची सोय १९९५ सालची. ‘माणसानं खिडकी रद्द केली’ हे पानाला सांगायला क्रोमनं सुरुवात केली ती मे २०२३ मध्ये. मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं नवल वाटतं ते हे की त्या मधल्या काळात तुमचा नकार बाकी सगळ्यांना कळत होता. ऑपरेटिंग सिस्टिमला कळत होता, ब्राउझरलाही कळत होता. अडत होतं ते शेवटच्या पायरीवर.

त्या खिडकीकडे नीट पाहिलं तर एक गोष्ट लक्षात येईल. पान कितीही रंगीबेरंगी असो, त्याची अक्षरं कितीही वळणदार असोत, ती खिडकी विंडोजवर विंडोजसारखी दिसते, मॅकवर मॅकसारखी आणि अँड्रॉइडवर अँड्रॉइडसारखी. पानाची कुठलीच सजावट तिला लागू होत नाही, कारण ती खिडकी पानाची नाहीच. खरं तर ती ब्राउझरचीही नाही. ती ऑपरेटिंग सिस्टिमची आहे. वर्ड किंवा फोटोशॉपमध्ये फाइल उघडताना जी खिडकी येते तिचीच ही बहीण.

पानाचा कोड ज्या जागी चालतो तिथून तुमच्या डिस्कवर काय आहे हे दिसूच शकत नाही. २००८ साली क्रोम आला आणि पानं वेगळ्या प्रोसेसमध्ये, हातपाय बांधून चालवायची पद्धत रूढ झाली. या बंदिस्त जागेला सँडबॉक्स म्हणतात. आतल्या कोडला एकही फाइल उघडायचा अधिकार नसतो. ‘फाइल निवडा’ दाबल्यावर ही आतली प्रोसेस ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसला निरोप पाठवते: एक फाइल हवी आहे, जमल्यास फक्त चित्रं दाखवा. मुख्य प्रोसेस तो निरोप ऑपरेटिंग सिस्टिमकडे नेते, आणि मग खिडकी उघडते. पान आपल्या मनानं ही खिडकी उघडूही शकत नाही. तुम्ही नुकतंच कुठे तरी क्लिक केलेलं असावं लागतं किंवा कळ दाबलेली असावी लागते, आणि त्या क्लिकची मुदत अगदी थोड्या वेळात संपते.

यात एक फार सुंदर कल्पना दडलेली आहे. फोनवरचं अ‍ॅप ‘तुमचे फोटो पाहू का?’ असं विचारतं आणि आपण विचार न करता ‘हो’ म्हणतो. फाइलच्या खिडकीत असा प्रश्न कधीच येत नाही. तुम्ही एक फाइल निवडता, आणि ती निवडणं हीच परवानगी ठरते. तेवढ्याच फाइलपुरती, शेजारच्या फाइलला लागू नसलेली. मॅकवर २०११ पासून सँडबॉक्समधल्या अ‍ॅपनं फाइलची खिडकी मागितली की ती अ‍ॅपबाहेरच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये उघडते. अ‍ॅपला वाटतं खिडकी आपली; प्रत्यक्षात तिच्यातल्या फायलींची नावंही त्याला दिसत नाहीत. तुम्ही ‘ओपन’ दाबलं की तेवढी एक फाइल त्याच्या हाती येते. या यंत्रणेला ॲपल ‘पॉवरबॉक्स’ म्हणतं.

पानाला अंधारात ठेवायचा हा निश्चय इतका पक्का आहे की ब्राउझर त्यासाठी चक्क खोटं बोलतो. फाइल निवडल्यावर जावास्क्रिप्टनं त्या खान्याची किंमत विचारली तर उत्तर येतं ‘सी:\फेकपाथ\’ आणि पुढे फाइलचं नाव. फेकपाथ नावाचं फोल्डर तुमच्या संगणकावर नसतं. मॅकवर आणि फोनवर तर सी ड्राइव्हही नसतो, तरी उत्तर तेच. पूर्वी काही ब्राउझर फाइलचा खरा, पूर्ण पत्ता पानाला देत. त्यातून तुमचं वापरकर्ता-नाव आणि फोल्डरांची मांडणी पानाला आयती कळायची. ते बंद करून नुसतं नाव द्यायचं ठरलं, तर ज्या जुन्या पानांचा कोड उलट्या तिरप्या रेघांवर पत्ता तोडून शेवटचा तुकडा उचलायचा, तो मोडायला लागला. तेव्हा तडजोड म्हणून हा बनावट पत्ता आला, आणि तो आता एचटीएमएलच्या अधिकृत मानकात नोंदलेला आहे. कुणा तरी जुन्या पानाची सवय सांभाळायला आजचा नवा कोरा आयफोनही ‘सी:\फेकपाथ\’ म्हणतो, हे कळल्यावर मला हसावं की नमस्कार करावा ते समजेना.

तर खिडकी उघडली. आता तुम्ही ‘रद्द करा’ दाबता, किंवा एस्केपची कळ, किंवा कोपऱ्यातली फुली. या नकाराचं काय होतं?

ऑपरेटिंग सिस्टिमच्या पातळीवर तो अतिशय स्पष्ट असतो, आणि आजचा नव्हे, पहिल्यापासून. १९८४ च्या मॅकिंटॉशमध्ये फाइल निवडायची खिडकी बंद झाल्यावर प्रोग्रामच्या हाती उत्तराची एक छोटी नोंद यायची. तिच्यात ‘गुड’ नावाचा हो-नाहीचा एक रकाना असे. माणसानं रद्द केलं की त्यात ‘नाही’. विंडोज ३.१ मध्ये, म्हणजे १९९२ साली, सगळ्या प्रोग्रामांसाठी एकसारखी खिडकी आली. ती रद्द झाली की मागणाऱ्याला शून्य मिळे. आता शून्य खिडकीत बिघाड झाला तरीही मिळायचं, म्हणून दुसरा प्रश्न विचारायची सोय ठेवलेली होती: चूक नेमकी कोणती? त्याचंही उत्तर शून्य आलं तर अर्थ असा की चूक काही झालेली नाही, माणूसच नको म्हणाला. विंडोज व्हिस्टापासूनची नवी खिडकी तर त्यासाठी राखून ठेवलेला १२२३ हा क्रमांकच परत देते: वापरकर्त्यानं काम रद्द केलं. आजच्या मॅकवर रद्दचं उत्तर शून्य आणि होकाराचं एक. अँड्रॉइडवर रद्दचं शून्य आणि होकाराचं उणे एक. लिनक्सवरच्या जीटीके संचात रद्दचं उणे सहा. आकड्यांत मेळ नाही, पण नकाराची नोंद न करणारी एकही यंत्रणा यात नाही.

ब्राउझरही हे उत्तर घेतो. क्रोमच्या खुल्या कोडमध्ये ‘फाइल निवडली’ आणि ‘निवड रद्द झाली’ अशी दोन वेगळी फंक्शनं सरळसरळ लिहिलेली आहेत. म्हणजे तुमचा नकार खिडकीतून ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो आणि तिथून ब्राउझरच्या मुख्य प्रोसेसकडे येतो. आणि इथे येऊन वर्षानुवर्षं गप्प व्हायचा. पानातल्या जावास्क्रिप्टला त्याची खबर नाही.

हा हलगर्जीपणा होता असं म्हणायचा मोह होतो, पण १९९५ च्या डोळ्यांनी पाहिलं तर तसं वाटत नाही. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि मॅसिंटर यांनी आरएफसी १८६७ हा प्रस्ताव मांडला: एचटीएमएलच्या अर्जात फाइलसाठी एक खाना असावा. कल्पना साधी होती. खान्यात निवडलेल्या फाइलचं नाव दिसेल, शेजारी ‘ब्राउझ’ असं बटण असेल, आणि ते दाबल्यावर त्या त्या संगणकाला साजेशी फाइल निवडायची पद्धत पुढे येईल. सगळे खाने भरून झाले की तुम्ही ‘सबमिट’ दाबणार आणि मग अर्ज व फाइल एकत्रच रवाना होणार. १९९६ च्या नेटस्केप २ मध्ये ही सोय आली, आणि जावास्क्रिप्ट ही त्याच आवृत्तीतून जगासमोर आलेली, मे १९९५ मध्ये ब्रेंडन आइकनं दहा दिवसांत उभी केलेली भाषा. तिला खान्यातल्या बदलाची खबर मिळे ती ‘चेंज’ नावाच्या इव्हेंटनं. खान्यात काही बदललं की ‘चेंज’ येणार. खिडकी उघडून तुम्ही रद्द केली तर खान्यात काहीच बदललं नाही, मग इव्हेंट कशाचा पाठवायचा? ‘सबमिट’ दाबेपर्यंत पानाला काही करायचंच नव्हतं, त्यामुळे न कळल्यानं त्याचं काही बिघडतही नव्हतं. मला तरी हे तर्कशास्त्र आजही चोख वाटतं.

बिघडलं नंतर, जेव्हा पानं वाट पाहायला लागली.

२०१० च्या सुमाराला ब्राउझरांत फाइल एपीआय आली, फायरफॉक्स ३.६ मध्ये ती जानेवारी २०१० मध्ये होती. आता जावास्क्रिप्टला निवडलेली फाइल तिथल्या तिथे वाचता यायला लागली. फोटो निवडला की लगेच त्याची छोटी प्रत पानावर दाखवायची, मागच्या मागे तो सर्व्हरकडे पाठवायला सुरुवात करायची, ‘सबमिट’ची गरजच नाही. त्याच सुमाराला डिझाइन करणाऱ्यांना ब्राउझरचं ते राखाडी बटण डोळ्यांत खुपायला लागलं. मग खरा खाना लपवायचा, वर आपलं देखणं बटण ठेवायचं, आणि ते दाबलं की कोडनं लपलेल्या खान्याला क्लिक करायचं, हा रिवाज पडला. पुढे २०१५ च्या जावास्क्रिप्टमध्ये प्रॉमिस आले: एखादं काम सुरू करा, ते पार पडलं किंवा फसलं की पुढचा कोड चालेल. डेव्हलपरांनी साहजिकच फाइल निवडण्याचं कामही प्रॉमिसमध्ये गुंडाळलं. खिडकी उघड, फाइल आली की पुढे जा.

आणि फाइल आलीच नाही तर? ते प्रॉमिस ना पार पडतं ना फसतं, नुसतं लोंबकळत राहतं. पानावर गोल फिरणारं चक्र फिरतच राहतं. ‘निवडत आहे…’ असं लिहून निष्क्रिय केलेलं बटण पुन्हा सक्रिय होत नाही, कारण ते सक्रिय करायचा क्षण कुठला हे कोडला कळत नाही. स्थळ पाहून गेलेले पाहुणे ‘घरी जाऊन कळवतो’ म्हणतात आणि मग कधीच कळवत नाहीत, तेव्हा मुलीकडच्यांनी किती दिवस थांबायचं हा जो प्रश्न असतो, तोच या कोडपुढे होता. फरक इतकाच की माणसांना चार-आठ दिवसांनी समजून घेता येतं.

या अडचणीची एक ठसठशीत खूण गूगलच्या कोलॅब या सेवेत दिसते. तिथे ब्राउझरमध्येच पायथनचा कोड लिहून चालवता येतो, आणि तुमच्या संगणकावरची फाइल मागणारं एक तयार फंक्शन आहे. ते चालवलं की ‘फायली निवडा’ असं बटण येतं आणि त्याच्या शेजारी दुसरं बटण: ‘अपलोड रद्द करा’. खिडकीत रद्द करायची सोय असताना बाहेर हे वेगळं बटण कशाला, असं पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं. पण मागचा पायथन कोड फाइलची वाट पाहत थांबलेला असतो आणि पुढची ओळ चालत नाही. ज्या काळात खिडकीतला नकार पानापर्यंत पोचत नव्हता, त्या काळात त्याला मोकळं करायला माणसानं पानावरच वेगळं सांगणं हा खात्रीचा मार्ग होता.

ज्यांना असं दुसरं बटण द्यायचं नव्हतं त्यांनी हेरगिरी सुरू केली. मला या कथेतला हा भाग सगळ्यात आवडतो, कारण त्यात माणसांची अक्कल आणि हतबलता एकत्र दिसते. खिडकी उघडली की ब्राउझरच्या खिडकीवरचा फोकस जातो, आणि ती बंद झाली की तो परत येतो. फोकस परत आल्याचा इव्हेंट तर पानाला मिळतो! म्हणजे फोकस परतला आणि खाना रिकामाच असला, तर माणसानं रद्द केलं. युक्ती नामी होती. फक्त चालत नव्हती, कारण फोकस आधी परततो आणि ‘चेंज’ मागून येतो. माणसानं फाइल निवडलेली असली तरी फोकस परतल्याच्या क्षणी खाना रिकामाच दिसतो. मग उपाय निघाला की फोकस परतल्यावर थोडं थांबायचं, अर्धा सेकंद म्हणा, आणि मग खाना तपासायचा.

अर्धा सेकंद कुणी ठरवला? कुणीच नाही. कुणी शंभर मिलिसेकंद लिहिले, कुणी तीनशे, कुणी पूर्ण सेकंद. आपल्या मशीनवर चाललं तो आकडा खरा. आणि मग एखाद्याने नेटवर्कवरच्या फोल्डरमधून शेकडो फोटो एकदम निवडले, किंवा आयफोनवरून व्हिडिओ निवडला. आयफोन तो व्हिडिओ पानाच्या हवाली करण्याआधी दाबून लहान करतो. फोटो हाइक स्वरूपात असला आणि पानाला जेपेग हवा असला तर तो आधी रूपांतरित करतो. मूळ फोटो आयक्लाउडवर असला तर तो आधी खाली उतरवून घेतो. हे सगळं अर्ध्या सेकंदात कुठलं व्हायला? इकडे कोडनं ‘रद्द झालं’ असं ठरवून लपलेला खाना काढूनही टाकलेला असे. तिकडे मागून ‘चेंज’ आला तर ऐकायला कुणी नसे. वापरकर्त्यानं फाइल निवडली, आणि पान म्हणतं तुम्ही काही निवडलंच नाही. नकार न कळण्यापेक्षा हे वाईट.

दुसरी एक युक्ती माउसवर बेतलेली. खिडकी उघडी असताना पानाला माउसची हालचाल कळत नाही. ती पुन्हा कळायला लागली म्हणजे खिडकी बंद झाली. ही युक्ती काढणाऱ्याला कळफलकावर काम करणारी माणसं आठवली नव्हती, स्क्रीन रीडर वापरणारी अंध माणसं आठवली नव्हती आणि फोनही आठवला नव्हता, जिथे माउसच नसतो. फोनवर फोकसची युक्तीही भरवशाची नव्हती.

गंमत म्हणजे एका ठराविक प्रसंगी क्रोममध्ये नकार ऐकू यायचा, आणि तोही चुकीच्या दारानं. आधी एक फाइल निवडलेली असताना तुम्ही पुन्हा खिडकी उघडली आणि रद्द केली, तर क्रोम बराच काळ आधीची निवडही पुसून टाकत असे. आणि खाना रिकामा होणं हा बदलच, म्हणून ‘चेंज’ पाठवत असे. फायरफॉक्स आणि सफारी आधीची फाइल जपून ठेवत आणि गप्प राहत. तीच कृती, तेच बटण. एका ब्राउझरात तुमचा आधी निवडलेला फोटो गायब, दुसऱ्यात शाबूत.

अखेर २०२१ मध्ये एचटीएमएलच्या मानकात सुधारणा झाली आणि फाइलच्या खान्याला ‘कॅन्सल’ हा इव्हेंट मिळाला. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या फायरफॉक्स ९१ नं तो आधी आणला. मग मार्च २०२३ मध्ये सफारी १६.४, आणि मे २०२३ मध्ये क्रोम ११३. आता डेव्हलपरला करायचं एवढंच: खान्यावर दोन इव्हेंट ऐकायचे. ‘चेंज’ आला तर फाइल आली, ‘कॅन्सल’ आला तर नाही आली. मधले सगळे टायमर, फोकसवरची पाळत आणि माउसमागची धाव पुसून टाकायची. जुना कोड असा ओळींच्या ओळी कापून टाकायला मिळणं हे प्रोग्रामरच्या आयुष्यातलं निखळ सुख आहे.

ब्राउझरला हा इव्हेंट येतो का, हे तपासताना मात्र एक फसगत व्हायची. क्रोममध्ये कुठल्याही घटकाला ‘ऑन-कॅन्सल’ हा गुणधर्म आहे का असं विचारलं, तर कितीतरी आधीपासून उत्तर ‘हो’ यायचं, कारण पानावर उघडणाऱ्या ‘डायलॉग’ या वेगळ्याच घटकासाठी त्याच नावाचा इव्हेंट आधीच होता. ऐकायची जागा तयार, पण फाइलच्या खान्यावर बोलणारं कुणी नाही.

या नावसाधर्म्यानं पुढेही घोळ घातला. फाइलच्या खान्यावरचा ‘कॅन्सल’ वरच्या घटकांकडे झिरपत जातो. जावास्क्रिप्टवाले याला बबल होणं म्हणतात. समजा, पानावर एक डायलॉग उघडलेला आहे, त्यात प्रोफाइलचा अर्ज आहे, त्या अर्जात फोटोचा खाना आहे. डायलॉगवर कोड लिहिलेला असतो की ‘कॅन्सल’ आला म्हणजे माणसानं एस्केप दाबलं, तर अर्ज बंद करून टाक. माणूस फोटोची खिडकी उघडतो, रद्द करतो, आणि डोळ्यांदेखत अख्खा अर्ज बंद. जो इव्हेंट पूर्वी येत नव्हता, तो यायला लागल्यामुळे चांगला चालणारा कोड बिघडला. उपाय सोपा आहे, इव्हेंट नक्की कुणाकडून आला ते तपासायचं. पण तो सुचण्याआधी डोकं बरंच खाजवावं लागतं.

आता एक बारकावा, जो मला ‘कॅन्सल’च्या तारखांपेक्षा महत्त्वाचा वाटतो. मानकात ‘कॅन्सल’ची अट ‘रद्द करा’चं बटण दाबणं ही नाही. अट अशी आहे की माणसानं आपली निवड न बदलता खिडकी बंद केली. या दोन्हींत फरक आहे. तुम्ही खिडकीत जाऊन आधी निवडलेलीच फाइल पुन्हा निवडली आणि ठामपणे ‘ओपन’ दाबलं, तरी येतो तो ‘कॅन्सल’च.

हे फक्त पुस्तकी वाटेल, पण आपल्याकडे स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरणाऱ्या मुलांना या फटीचा अनुभव रोज येऊ शकतो. फोटो ५० केबीपेक्षा लहान हवा, असं पान सांगतं. मुलगा फोटो निवडतो, पान म्हणतं मोठा आहे. तो दुसऱ्या खिडकीत जाऊन फोटो लहान करतो, त्याच नावानं, त्याच जागी सेव्ह करतो. परत येऊन तीच फाइल निवडतो, आणि काहीच होत नाही. पानावर तीच जुनी लाल सूचना. त्याच्या दृष्टीनं फाइल नवी आहे. ब्राउझरच्या दृष्टीनं नाव तेच, जागा तीच, म्हणजे निवड बदललेली नाही. ‘चेंज’ नाही. नव्या ब्राउझरात ‘कॅन्सल’ येईल, आणि पान लिहिणाऱ्यानं त्याचा अर्थ ‘मुलानं विचार बदलला’ असा लावला, तर चूक पक्की होईल. यावरची तोड जुनी आणि खात्रीची आहे: फाइल नापसंत केली की, किंवा खिडकी पुन्हा उघडण्याआधी, खान्याची किंमत कोडनं रिकामी करायची. जावास्क्रिप्टला या खान्यात तुमच्या डिस्कवरची एखादी फाइल आपल्या मनानं टाकता येत नाही, ते सुरक्षेसाठी बंद आहे. पण खाना पुसायची मुभा आहे. पुसल्यावर तीच फाइलही नवी ठरते. अर्ज भरणाऱ्याच्या हाती असलेला इलाज त्याहून सोपा: फोटो लहान केल्यावर त्याचं नाव बदला.

क्रोममध्ये २०२० पासून फाइल मागायचा एक दुसरा, नवा मार्गही आहे, जो थेट प्रॉमिसच देतो. तिथे नकार पहिल्या दिवसापासून कळतो: माणसानं खिडकी रद्द केली की प्रॉमिस ‘अ‍ॅबॉर्ट-एरर’ देऊन फसतं. मात्र तीच चूक आणखी एका प्रसंगी येते, जेव्हा निवडलेली फाइल पानाच्या हाती देण्याइतकी सुरक्षित नाही असं ब्राउझर ठरवतो. दोन्हींत फरक कळायची सोय नाही. शिवाय फायरफॉक्स आणि सफारी यांनी हा मार्ग स्वीकारलेला नाही, त्यामुळे त्याच्यावर सगळा भार टाकता येत नाही.

अँड्रॉइडवरच्या अ‍ॅपमध्ये वेबपान दाखवायचं असेल तर वेबव्ह्यू नावाचा घटक वापरतात, आणि तिथे नकार पोचवायचं काम अ‍ॅप लिहिणाऱ्याच्या गळ्यात असतं. पानानं फाइल मागितली की वेबव्ह्यू अ‍ॅपला सांगतो, अ‍ॅप खिडकी उघडतं, आणि उत्तर आलं की ते वेबव्ह्यूकडे परत द्यायचं. माणसानं रद्द केलं तर ‘काही नाही’ असं उत्तर द्यायचं. ‘काही नाही’ तर काय द्यायचं, असं समजून कुणी ते द्यायचंच विसरलं, की वेबव्ह्यू पहिल्याच उत्तराची वाट पाहत बसतो आणि नवी खिडकी उघडू देत नाही. वापरकर्ता ‘फाइल निवडा’ दाबत राहतो आणि बटण मेल्यासारखं पडून राहतं. अ‍ॅपमधल्या अर्जात फोटोचं बटण पहिल्यांदा चाललं, एकदा रद्द केल्यावर मात्र ढिम्म हललं नाही, असं कधी झालं असेल तर संशय घ्यायला ही पहिली जागा.

आणि एक प्रसंग असा आहे जिथे ‘चेंज’ही येत नाही आणि ‘कॅन्सल’ही. कमी मेमरीच्या अँड्रॉइड फोनवर फाइलच्या खान्यातून कॅमेरा उघडला, की कॅमेऱ्याला जागा करून द्यायला फोन कधी कधी मागचं ब्राउझर पानच मेमरीतून काढून टाकतो. फोटो काढून परत आल्यावर पान पहिल्यापासून लोड होतं. इव्हेंट ऐकणारा कोड ज्या पानात होता ते पान गेलेलं असतं, त्याच्याबरोबर अर्जात भरलेलं नाव, पत्ता, गुणांची टक्केवारीही. इथे कुठलाच इव्हेंट कामाचा नाही. खिडकी उघडायच्या आधी अर्जातला मजकूर ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये लिहून ठेवायचा आणि पान पुन्हा उघडलं की तिथून भरायचा, एवढंच करता येतं.